चौघींचं निळं कापड

लग्नाला आठ दिवस उरले असताना वहिनी एकट्याच मास्तरच्या दुकानात गेल्या. मास्तर म्हणजे बाईच. आत्याची मैत्रीण, परदेशात बत्तीस वर्षं कपडे शिवणारी आणि आत्याच्याच घरात दुसऱ्या खोलीत राहणारी. नाव आत्याने ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं की शेजारचा किल्ल्या बनवणारासुद्धा, अर्थ न कळता, तिला त्याच नावाने हाक मारायचा. बारकीच्या लग्नासाठी तिचे आईवडील, म्हणजे आत्याचे दादा-वहिनी, आणि आजी येऊन उतरल्यापासून मास्तरने आपली खोली पाहुण्यांना दिली होती आणि ती दुकानाच्या मागच्या भागात, शिवलेल्या कोटांच्या रांगेपलीकडे, खाट टाकून झोपत होती. त्याबद्दल कुणी तिचे आभार मानले नव्हते. खोली तिची आहे हे पाहुण्यांना कळायलाच तीन दिवस लागले होते.

वहिनींनी पिशवीतून कापड काढून कापणीच्या टेबलावर ठेवलं. जाड, निळं रेशीम. मास्तरने हात पुसले, कापडाचा कोपरा मुठीत चुरगळला, सोडला आणि सुरकुती राहते का ते पाहिलं.

"चांगलं आहे. किती आणलंत?"

"सोळा मीटर. चौघींना पुरेल म्हणाला दुकानदार. सासूबाई, मी, वन्सं आणि आमची बारकी. लग्नाच्या दिवशी घरच्या बायका सगळ्या एका रंगात, असं माझ्या मनात आहे."

मास्तरने मान हलवली. पाचवं नाव आपलं येतं का, याकडे तिचा कान नव्हता असं नाही. पण ते आलं नाही तेव्हा तिने टेप गळ्यात टाकला.

"तिघींची मापं घ्यावी लागतील."

"घ्या की. फक्त वन्संना आत्ता काही सांगू नका. त्यांचं माप तुम्हाला पाठच असेल. आधी विचारलं तर त्या नाही म्हणतील. शिवून समोर ठेवलं की माणसाला नाही म्हणवत नाही."

माप पाठ होतं. आत्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या यंत्रावर इतकी वर्षं वाकून तो तसा झाला होता, आणि तो उतार मास्तर दर वेळी आतून लपवत आली होती.

"तुम्हाला म्हणून सांगते," वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे भिंतीवर वन्संचा फोटो आहे, त्यात तुम्ही दोघी शेजारी शेजारी. तोच कोट, तेच केस. येणारा जाणारा विचारतो, यातली तुमची कोणती? एकदा तरी त्या आमच्यातल्या दिसू देत."

"दिसतील."

"आणि लग्न झालं की त्या आमच्याबरोबरच येणार आहेत. कायमच्या. ह्यांनी ठरवलंय."

मास्तरचा हात कापडावर थांबला. "तिला माहीत आहे?"

"हे सांगतील. मास्तर, सासूबाईंचं वीस वर्षं मी केलं. तक्रार नाही माझी. पण आता माझ्याने होत नाही, आणि त्यांची लेक इथे आरामात आहे. तुम्ही मोडता घालू नका, एवढंच सांगायला आले होते."

"कपडे मंगळवारी देते," मास्तर म्हणाली.

वहिनी गेल्यावर तिने कागद अंथरला आणि पहिलं माप आत्याचंच उतरवलं.

*

त्या दोघींनी एकसारखं दिसायचं कधी ठरवलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात दोघी एका वसतिगृहाच्या एका खोलीत राहत होत्या आणि दोघींत मिळून एकच धड कोट होता. एकीची पाळी सकाळची, दुसरीची दुपारची, म्हणून ते निभावलं. मग मास्तर ज्या कारखान्यात शिवणकाम करायची तिथे राखाडी कापडाचा एक तागा रंग चुकला म्हणून बाजूला पडला. तिने तो आणला आणि दोन थर एकावर एक ठेवून एकाच कात्रीत दोन कोट कापले. गुडघ्यापर्यंत लांब, बंद गळ्याचे, दोन खोल खिशांचे. केसही दोघींनी एकाच दिवशी कापले, एकमेकींचे, कारण तिथल्या केस कापणाऱ्या बाईशी काय बोलायचं हे दोघींनाही येत नव्हतं.

तेव्हापासून मास्तरची कात्री नेहमी दोन थरांतूनच चालली. रस्त्यावरचे लोक त्यांना बहिणी समजत. बारकी शिकायला येऊन त्यांच्याकडे चार वर्षं राहिली, तीही सुरुवातीला पाठमोऱ्या मास्तरला कितीदा तरी "आत्या" म्हणून बसली होती. दोघींनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. जिला हाक मारली ती ओ द्यायची.

*

मंगळवारी आत्या कामावरून आली तेव्हा पलंगावर तीन निळे पोशाख ओळीने ठेवलेले होते. आजीने आपला आधीच अंगात घातला होता आणि ती आरशासमोर खिशात हात घालून उभी होती.

"खिसा आहे गं याला!" ती आत्याला म्हणाली. "ब्याऐंशी वर्षं रुमाल कमरेला खोचत आले. कुणाला सुचलं नाही."

आत्याने त्यातला आपला पोशाख उचलला. अंगाला लावून बघायची तिला गरज नव्हती. तिने तो उलटा केला, उजव्या खांद्याच्या आतली बारीक भर बोटाने चाचपली आणि तसाच हातात धरून उभी राहिली.

"हा मास्तरने शिवला."

"मग आणखी कोण शिवणार?" वहिनी म्हणाल्या. "आवडला ना?"

"मला न सांगता शिवला."

"मीच सांगू नका म्हटलं होतं, वन्सं. त्यांचा दोष नाही त्यात."

दादा खिडकीपाशी बसला होता. सगळी हयात त्याने पूल बांधले होते, आणि घरातल्या गोष्टीही तो तशाच करायचा. दोन्ही काठांची पाहणी एकट्याने करायची, आराखडा एकट्याने काढायचा आणि खांब उभे राहिल्यावर लोकांना दाखवायचं. बहिणीचा चेहरा पाहून त्याला वाटलं, विषय निघालाच आहे तर आजच उरकून टाकावा.

"छोटे, बस जरा. तुझ्याशी बोलायचंय."

"बोल ना. उभी आहे की."

"आम्ही सगळे पुढच्या शनिवारी निघतोय. तू पण चल. नोकरी खूप झाली. आईला तुझी गरज आहे. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी करून ठेवलीय, रंगसुद्धा दिला."

"कोणता?"

"काय कोणता?"

"रंग."

दादा गोंधळला. "पांढरा. का?"

"काही नाही. आणखी काय काय ठरलंय?"

"ठरलं असं नाही..."

"खोलीला रंग दिलास, दादा."

आजी आरशासमोरून वळली. तिने मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि हात खिशातच ठेवून बाहेरच्या खोलीत निघून गेली. मुलं भांडायला लागली की जागा सोडायची, ही तिची फार जुनी सवय होती.

"आणि हे मास्तरला माहीत होतं?" आत्याने विचारलं.

वहिनी पोशाखाची घडी घालायला लागल्या. आत्याला तेवढं पुरलं.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आत्या दुकानात आली. मास्तर एका पँटची खालची पट्टी दुमडत होती.

"हळू बोल," ती म्हणाली. "आजी आत पडल्यात."

तसं रोजचंच होतं. घरात लग्नाची धांदल, म्हणून बारकी रोज सकाळी आजीला दुकानात आणून सोडायची. आजी बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायची, किल्लीवाल्याशी हातवारे करून गप्पा मारायची आणि दुपारी मास्तरच्या खाटेवर आडवी व्हायची. मधे एक पडदा होता, तेवढाच.

"बत्तीस वर्षांत तू माझ्यापासून काय काय लपवलंस?" आत्याने विचारलं.

"मागच्या आठवड्यापर्यंत काही नाही."

"मग मागच्या आठवड्यात काय झालं?"

"तुझी वहिनी म्हणाली, मोडता घालू नका. मी आजवर कधी घातला नाही. त्यामुळे तो घालतात कसा, हेच मला आठवेना."

"हसण्यावारी नेऊ नकोस. तुला काय वाटतं? मी जावं?"

मास्तरने सुई कापडात टोचून ठेवली. "मला विचारू नकोस. तू राहिलीस तर तुझ्या घरचे म्हणणार, मास्तरने अडकवून ठेवली. गेलीस तर मी म्हणणार, मीच कपडे शिवून तुला पाठवलं. दोन्हीकडून ते माझ्याच गळ्यात. तुझं तू ठरव, आणि ठरवल्यावर सांग."

"शिवताना एकदा तरी तोंड उघडायचंस."

"उघडणार होते. पण कापड सुरेख होतं. आणि ती बाई खरंच थकलीय गं. तिचं माप घेतलं तेव्हा खांदे बघितले मी."

आत्या स्टुलावर बसली. बाहेरून किल्ली घासल्याचा आवाज येत होता.

"तुला तो रंग आवडला?"

"आवडला." मास्तरने सुई पुन्हा उचलली. "खरं सांगू? मला राखाडी कधीच आवडला नाही."

"काय?"

"नाही आवडला. तुला आवडतो म्हणून आणत राहिले."

"मला? अगं, मला वाटायचं तो तुझा आवडता. तूच आणायचीस ना तागेच्या तागे!"

"पहिला कोट घातल्यावर आरशात बघून तू म्हणालीस, झकास."

"मला थंडी वाजत होती! गोणपाट दिलं असतंस तरी झकास म्हणाले असते."

मास्तरला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला, कारण आजी झोपली होती. आत्या हसली नाही. ती आपल्या बाहीकडे बघत होती. आजवर घातलेले सगळे कोट तिच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. किती होते ते आता तिला सांगता आलं नसतं. पहिल्यांदा तिला संताप आला, आणि तो नेमका कुणाचा हे कळेना.

"बत्तीस वर्षं," ती म्हणाली.

"टिकाऊ होतं कापड."

"मी जाणार नाही," आत्या एकदम म्हणाली. "तुझ्यासाठी म्हणून नाही, कळलं? माझी तीन वर्षांची नोकरी आहे अजून. नव्या मुलीला काच तपासायला शिकवतेय मी, तिला अजून उजेडात कसं धरायचं ते कळत नाही. आणि मला इथे राहायचंय. एवढंच."

"मग हे दादाला सांग. मला काय सांगतेस?"

"सांगेन." ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. "शुक्रवारी लग्नाला ये. मला माहीत आहे, तू काहीतरी कारण काढून इथेच बसणार होतीस."

"दोन सूट द्यायचेत शुक्रवारी."

"ये म्हटलं ना."

पडद्यामागे आजी डोळे उघडे ठेवून पडली होती. ती झोपली नव्हती. झोपायला दोघींनी तिला दिलं कुठे होतं? छताकडे बघत ती बराच वेळ विचार करत राहिली. मग तिने हाक मारली, "मास्तर, चहा टाकता का?" चहा पिताना तिने एकच गोष्ट विचारली. संडास याच मजल्यावर आहे की जिना उतरावा लागतो? याच मजल्यावर आहे, मास्तर म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या आणि दुपारी एका भाड्याच्या सभागृहात जेवण होतं. आत्या निळ्यात आली. वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. आत्याने तो पोशाख का घातला हे त्यांना कळलं नाही, आणि आत्यालाही ते नीट सांगता आलं नसतं. सकाळी तिने तो घालून बघितला, तो अंगावर पाण्यासारखा बसला, आणि काढावासा वाटेना.

मास्तर उशिरा आली, मोहरीच्या फुलासारखा गर्द पिवळा झगा घालून. तो तिने आदल्या दोन दिवसांत शिवला होता आणि त्यात ती अगदी वेगळीच बाई दिसत होती. काच कारखान्यातल्या आत्याच्या सोबतिणींनी एकदा निळीकडे, एकदा पिवळीकडे पाहिलं. त्यातल्या एकीने बारकीला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, दोघींचं भांडण झालं का? बारकीने तो प्रश्न आत्याला येऊन सांगितला.

"तिला म्हणावं, भांडण मिटलंय," आत्या म्हणाली.

फोटोच्या वेळी वहिनींनी चौघींना ओळीत उभं केलं आणि फोटो काढून झाला. मास्तर बाजूला आजीची काठी धरून उभी होती. तिला कुणी बोलावलं नाही, आणि आपल्याला बोलवावं अशी तिची अपेक्षाही दिसली नाही.

जेवणं आटोपत आली तेव्हा दादाने आत्याला विचारलं, सगळ्यांसमोर, कारण सगळ्यांसमोर ती हुज्जत घालणार नाही असा त्याचा अंदाज होता. "मग छोटे, तिकीट काढू ना?"

"नाही, दादा. मी येणार नाही."

"हे त्यांनी सांगितलं का तुला?" त्याची नजर पिवळ्या झग्याकडे गेली.

"तिने काही सांगितलं नाही. मी किती विचारलं, तरी नाही."

"मग आईचं काय? सांग ना, आईचं काय करायचं?"

वहिनींनी पेला खाली ठेवला. या क्षणाची त्या वर्षभर वाट बघत होत्या, आणि आता त्यांना वाटलं की आपण इथे नसतो तर बरं झालं असतं. त्यांना माहीत होतं पुढे काय होणार. दादा चिडणार, आत्या गप्प बसणार, शनिवारी सगळे विमानात बसणार, आणि रविवारी पहाटे औषधाचा डबा पुन्हा त्यांच्याच हातात.

"मला विचारलंस का रे?" आजी म्हणाली.

"आई, तू जरा..."

"माझ्याविषयी चाललंय म्हणून म्हटलं. माझ्या व्हिसावर किती दिवस लिहिलेत?"

"सहा महिने. पण ते नुसतं..."

"मग मी सहा महिने राहते."

बारकीच्या नवऱ्याला भाषा येत नव्हती. त्याने बायकोकडे पाहिलं, तिने त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"आई, काहीतरी काय बोलतेस? ही दिवसभर कामावर. तुझ्याजवळ कोण असणार?"

आजी मुलाकडे बघत नव्हती. तिने खुर्ची थोडी वळवली. "मास्तर, तुमच्या दुकानात मी दिवसभर बसेन. फार बोलणार नाही. थोडं बोलेन. बटणं लावता येतात मला अजून, सुई तेवढी ओवून द्यावी लागेल. ठेवून घ्याल का?"

एवढ्या दिवसांत पाहुण्यांतल्या कुणी मास्तरला तिची मर्जी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने खांदे उडवले. मला नाही, तुलाच विचारतेय.

"दुपारी दोन ते तीन मी झोपते," मास्तर शेवटी म्हणाली. "खाट एकच आहे. दुसरी आणावी लागेल."

"आणा की."

"आणि माझं काय चुकलं, सासूबाई?" वहिनींचा आवाज त्यांच्याही नकळत चढला. "वीस वर्षं केलं, आणि तुम्ही चारचौघांत..."

"तुझं काही चुकलं नाही," आजी म्हणाली. "म्हणून तर. वीस वर्षं तू माझ्यावर आवाज चढवला नाहीस. आज पहिल्यांदा चढवलास. बरं वाटलं ऐकून."

वहिनी उठून हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. नळ सुरू असल्याचा आवाज बाहेर येत होता. आत्या त्यांच्यामागे जाणार होती, पण मास्तरने तिला खाली बसवलं आणि स्वतः गेली.

*

पुढचे आठ दिवस दादा कुणाशी धड बोलला नाही. त्याचा आराखडा कुणी फेटाळला असता तर तो भांडला असता; पण तो उलटा करून वापरला गेला होता, आणि त्याविरुद्ध काय बोलायचं हे त्याला सुचेना. तो विमान कंपनीच्या कार्यालयात जाऊन आईचं तिकीट पुढे ढकलून आला. सहा महिन्यांनी आईला न्यायला स्वतः येईन, असं त्याने दोनदा सांगितलं. आजी दोन्ही वेळा "ये" म्हणाली.

वहिनी रोज दुपारी दुकानात जाऊन बसत. रक्तदाबाची गोळी कोणती, ती कशाबरोबर द्यायची, रात्री पाय दुखले तर तेल कोणत्या हाताने आणि किती दाबून चोळायचं, रागावून जेवली नाही तर काय म्हणायचं, सगळं त्यांनी सांगितलं आणि मास्तरने मापाच्या वहीत लिहून घेतलं. आजी शेजारी बसून मधे मधे दुरुस्त्या सुचवायची. एका दुपारी सांगण्यासारखं काही उरलं नाही. तरी वहिनी तासभर तिथेच बसल्या आणि मास्तरच्या हातांकडे बघत राहिल्या.

शनिवारी विमानतळावर निरोप झाले. आजी आत्या आणि मास्तरच्या मधे उभी होती. आत्या जुन्या राखाडी कोटातच आली होती, कारण बाहेर थंडी होती आणि दुसरा गरम कोट तिच्याकडे नव्हता. मास्तरही राखाडीत होती, त्याच कारणाने.

विमानात दादा जागा शोधत पुढे गेला. येताना आईला खिडकीशी बसवलं होतं, वहिनी मधे, म्हणजे आईला उठायचं झालं की दर वेळी त्याही उठणार. आताही तो सवयीने बाहेरच्या जागेवर बसला आणि त्याने खिडकीशी आपली बॅग ठेवली.

"आईची जागा रिकामी गेली," तो म्हणाला.

"बॅग घ्या तिथली," वहिनी म्हणाल्या. "मी बसणार आहे."